कामोठ्याची खाडी आणि जिताड्याची वाढ

मुंबईचा मनुष्य सहलीला निघाला, की त्याला माथेरान आठवते, लोणावळे आठवते, फार झाले तर अलिबाग. कामोठ्याला सहलीला जातो असे सांगणारा मनुष्य अजून आम्हाला भेटलेला नाही. कामोठ्याला लोक जातात ते घर पाहायला, नातेवाइकांकडे, किंवा तिथल्या महात्मा गांधी मिशनच्या मोठ्या रुग्णालयात कोणाची तरी विचारपूस करायला. परंतु वाचकहो, ज्याला पाहण्याची हौस आहे त्याला पाहण्यासारखे पुष्कळ काही या गावात आहे. एक तर शहर कसे वाढते ते येथे दिसते. आणि दुसरे म्हणजे मासा कसा वाढतो (किंवा वाढत नाही) याचे कोडे या गावच्या खाडीकाठी फार सोप्या रीतीने उलगडते. या दुसऱ्या गोष्टीसाठीच हा लेखनप्रपंच.

हार्बरच्या गाडीने खारघर मागे टाकले, की मानसरोवर नावाचे स्थानक लागते. मानसरोवर म्हणताच डोळ्यांपुढे हिमालय आणि राजहंस उभे राहतात. येथे त्यांतले काहीच नाही. पुढचे स्थानक खांदेश्वर. या दोहोंच्या आसपास आणि शीव-पनवेल महामार्गाच्या कडेला कामोठे पसरले आहे. सेक्टरांची आखीव चौकट, सातमजली इमारतींच्या रांगा, खाली वाणसामानाची आणि मिठाईची दुकाने, संध्याकाळी बाकांवर बसलेले पेन्शनर. थोडक्यात, आपल्यासारख्याच मंडळींचे गाव. आमचा एक भाचा येथे सदनिका घेऊन राहतो, म्हणून आमचे जाणे-येणे असते.

पण ही चौकट अलीकडची. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. कामोठे त्यांतलेच. मूळ गाव आगरी-कोळी वस्तीचे, शेजारी जुई, आणि भोवती भाताची खाचरे. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या भागाने १९८४ च्या जानेवारीत मोठा लढा दिला. त्यात पाच माणसे प्राणांस मुकली आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली आणि कामोठे तिच्यात गेले. एका पिढीच्या डोळ्यांदेखत भाताच्या खाचराचे शहर झाले. वाढ म्हणतात ती ही!

भाताचे खाचर म्हटले खरे, पण ते देशावरच्या शेतासारखे नव्हे. ही खारजमीन. खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे बांध घालायचे, बांधाला पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी उघाडी ठेवायची, आणि पावसाने मीठ धुऊन गेले की त्या मातीत भात लावायचा, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा खटाटोप. पनवेलचे खारजमीन संशोधन केंद्र आजही याच मातीचा अभ्यास करते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे ते केंद्र आहे, आणि खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती त्याने पनवेलच्याच नावाने दिल्या आहेत. या खाचरांत भाताबरोबर मासाही यायचा. उधाणाच्या भरतीला खाडीतली पिल्ले आत शिरत आणि बांधालगतच्या तळ्यांत राहून जात. त्या पिल्लांचा राजा म्हणजे जिताडा.

जिताडा माहीत नाही असा रायगडकर विरळा. गोव्यात याला चोणाक म्हणतात, बंगाल्यांची लाडकी भेटकी ती हीच, आणि ऑस्ट्रेलियात याचे नाव बारामुंडी. पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाशी अंडी घालायची, पिल्लांनी भरतीबरोबर आत यायचे, गोड्या-खाऱ्या पाण्यात मोठे व्हायचे आणि वयात आले की पुन्हा समुद्राच्या दिशेने निघायचे, अशी याची वहिवाट. आणखी एक गंमत सांगतो: जिताडा बहुधा आधी नर असतो आणि पुढे वयाने व आकाराने वाढला की मादी होतो. रायगडातल्या कित्येक गावांत खाडीतली पिल्ले आणून गावतळ्यात सोडायची आणि लहानसहान मासळीवर दोन-तीन वर्षे पोसायची, अशी रीत आहे. तळ्यातला मोठा जिताडा घरी येणे म्हणजे पाहुण्याचा मोठाच मान.

जुईच्या बाजूला खाडीच्या दिशेने फिरायला गेलो असता एका वृद्ध आगरी गृहस्थांची गाठ पडली. पाग खांद्यावर, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. त्यांच्या घरचे तळे होते तिथे आता रस्ता आहे. जिताड्याचा विषय निघाला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

"एकाच तल्यातलं पानी, एकच खानं," ते म्हणाले, "पन एक हाताएवरा झाला, नं दुसरा बोटाएवराच रायला. आता सांग, भाव, ह्यो काय परकार?"

"मोठा लहानाचं खाणं पळवत असेल, बाबा," आम्ही म्हणालो.

"खानं टाकलं तरी तो खायाचा नाय. भ्यालेला असतो ना तो!"

हे उत्तर ऐकून आम्ही थक्क झालो. कारण भ्यालेला मासा वाढत नाही, ही गोष्ट शास्त्रज्ञांना प्रयोगशाळांत सिद्ध करायला बरीच वर्षे लागली. ती कशी, ते आता पाहू.

शरीर वाढते ते खाण्यामुळे, हे खरे. पण खाल्लेल्याचे हाड-मांस करायचे की नाही, याचा हुकूम दुसरीकडून सुटतो. मेंदूच्या तळाशी एक चिमुकली ग्रंथी असते, तिला पोष ग्रंथी म्हणतात. माणसात ती वाटाण्याएवढी, माशात मोहरीसारखी. तिच्यातून वाढीचे संप्रेरक रक्तात उतरते, ते यकृतापर्यंत जाते, यकृत आणखी एक वाढकारक द्रव्य तयार करते, आणि मग हाडे लांबतात व स्नायू भरतात. अशी ही हुकुमांची साखळी. परंतु पोष ग्रंथीलाही कोणीतरी वरिष्ठ आहेच. तिच्या वरच बसलेला मेंदूचा भाग, हायपोथॅलॅमस, तिला सांगतो: आता सोड, आता थांब.

हा निरोप पोचवण्याची रीत माणसात आणि माशात वेगळी आहे. आपल्या डोक्यात हायपोथॅलॅमसची रसायने आधी बारीक रक्तवाहिन्यांत उतरतात आणि त्यांच्यातून पोष ग्रंथीला पोचतात. टपालाने पत्र जावे तसे. सर्वसाधारण काटेरी माशांत मात्र मेंदूचे तंतू थेट पोष ग्रंथीच्या आत शिरलेले असतात. घरचा मनुष्य समोर उभा राहून निरोप सांगतो म्हणाना! हे तंतू आपल्या टोकाशी जी रसायने सोडतात त्यांना मज्जासंदेशक म्हणतात. डोपामीन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन ही नावे हल्ली वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांतून आपल्या ओळखीची झाली आहेत. मनुष्याच्या आनंदाशी, धास्तीशी, झोपेशी ज्यांचा संबंध लावतात तीच ही रसायने माशाच्या डोक्यात त्याच्या लांबीरुंदीचाही निर्णय करतात.

हे शोधून काढायला उपयोगी पडला तो कोण, तर दिवाणखान्यातला गोल्डफिश! कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात रिचर्ड पीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० व १९९० च्या दशकांत या माशावर अनेक प्रयोग केले. डोपामीन पोष ग्रंथीला लागले की वाढीचे संप्रेरक जास्त सुटते, असे त्यांना आढळले. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन लागले, की ते कमी होते. सोमॅटोस्टॅटिन नावाचे मेंदूतलेच एक द्रव्य तर या कामात पक्का लगामच. डोपामीनसारखे काम करणारे औषध माशांना दिले, तेव्हा रक्तातले संप्रेरक वाढले आणि शरीराच्या वाढीचा वेगही वाढला. अर्थात कोणताही एक संदेशक धनी नाही. भूक, ऋतू, वय, सोबत, पाणी या साऱ्यांची खबर वेगवेगळ्या संदेशकांच्या तोंडून येते आणि त्यांच्या बेरीज-वजाबाकीतून ग्रंथीला काय तो हुकूम मिळतो.

या अभ्यासात आपली मराठी मंडळीही मागे नाहीत, हे सांगताना अभिमान वाटतो. नागपूर विद्यापीठात प्रा. निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मागूर माशाच्या मेंदूचे बारीक बारीक काप करून त्यात न्यूरोपेप्टाइड वाय वगैरे द्रव्ये कोणत्या पेशींत असतात आणि त्यांचे तंतू कुठवर जातात, याचे नकाशे तयार केले. पुढे सुभेदार पुण्याच्या आयसर संस्थेत गेले. हे न्यूरोपेप्टाइड वाय गोल्डफिशात भूकही वाढवते आणि वाढीच्या संप्रेरकालाही चालना देते. म्हणजे पानही वाढणार आणि पचवलेले अंगी लावायलाही सांगणार. आपल्याकडच्या आज्याच जणू!

गोल्डफिशचा विषय निघाला म्हणून भाच्याच्या घरची हकीकत सांगतो. त्याच्या मुलीने काचेच्या गोल भांड्यात दोन गोल्डफिश पाळले आहेत. दोन वर्षे झाली, दोघेही जेमतेम करंगळीएवढे.

"आजोबा, हे मोठे का होत नाहीत? मी रोज खाऊ घालते."

"भांड्याच्या मापाने मासा वाढतो गं," तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

पुष्कळ घरांत हीच समजूत असते. पण मासा काही भांड्याचे माप घेऊन वाढत नाही. तळ्यात हाच गोल्डफिश वीतभर आणि त्याहूनही मोठा होतो, कारण तो रोहू-कटल्याच्या कुळातला. लहान भांड्यात त्याच्याच विष्ठेतला अमोनिया साठतो, प्राणवायू कमी पडतो, लपायला आडोसा नसतो. अशा वेळी माशाच्या अंगात तणावाचे संप्रेरक वाढते, भूक मंदावते आणि वाढीचा कारभार बंद पडतो. मुलगी देत होती तो खाऊ कमी नव्हता. घर कमी होते. भाच्याने मोठी टाकी आणायचे कबूल केले आहे.

आता वृद्ध बाबांच्या भ्यालेल्या माशाकडे येऊ. ट्राउट जातीचे दोन मासे एका टाकीत ठेवले, की थोड्याच वेळात एक दांडगा ठरतो आणि दुसरा कोपरा धरतो. कोपऱ्यातल्या माशाच्या मेंदूत सेरोटोनिनची उलाढाल वाढलेली असते, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिले. तो खात नाही, हलत नाही, आणि वाढत नाही. दांडगा पुढे जातो तो निव्वळ जास्त घास मिळतात म्हणून नव्हे. त्याच्या नुसत्या असण्याने दुसऱ्याच्या डोक्यातला लगाम ओढला जातो. गंमत अशी, की सेरोटोनिन ज्यापासून बनते ते ट्रिप्टोफॅन खाद्यात जास्त घातले तेव्हा ट्राउटची भांडखोर वृत्तीच कमी झाली. म्हणजे हे एकच रसायन, कधी कुठे आणि किती यावर त्याचा गुण ठरतो.

जिताड्याच्या बाबतीत प्रकरण याहून कडक. त्याची मोठी पिल्ले लहान पिल्लांना सरळ गिळतात! म्हणून जिताड्याची रोपवाटिका चालवणारे दर थोड्या दिवसांनी पिल्ले काढून त्यांची आकाराप्रमाणे वर्गवारी करतात. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावावी तशी. त्यामुळे जीव तर वाचतोच, पण बरोबरीच्या सोबत्यांत लहानही बिनधास्त खातात आणि वाढतात. अशा रोपवाटिका निघू शकल्या, कारण १९९७ साली चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलकृषी संस्थेने बंदिस्त जागेत जिताड्याची पिल्ले जन्माला घालून दाखवली. त्यापूर्वी खाडी देईल तेवढीच पिल्ले.

येथे आमच्या सौभाग्यवतींची शंका नोंदवणे जरूर आहे. मासळीबाजारात त्यांनी कुजबुजत विचारले, "हल्ली माशांना इंजेक्शने देऊन फुगवतात म्हणे. मुलांना द्यावे की नाही?" हा प्रश्न अनेक घरांत असेल, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

इंजेक्शन देतात हे खरे. पण ते वाढीसाठी नव्हे, विणीसाठी. रोहू-कटल्यासारखे मासे तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलीकुन्ही यांनी दुसऱ्या माशाच्या पोष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांची वीण घडवून आणली. हा दिवस आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पुढे असे कळले, की मेंदूतले वीण सुरू करणारे द्रव्य टोचूनही पुष्कळदा काम अडते ते डोपामीनमुळे. जे डोपामीन वाढीच्या संप्रेरकाला पुढे ढकलते, तेच प्रजननाच्या संप्रेरकाला मागे खेचते! निसर्गाचा हिशेब स्पष्ट आहे: एक तर स्वतः वाढा, नाही तर पोरे वाढवा. चीनमधील लिन आणि कॅनडातील पीटर यांनी मिळून यावर तोड काढली. वीण सुरू करणारे द्रव्य द्यायचे आणि त्याबरोबर डोपामीनचे तोंड बंद करणारे औषध द्यायचे. ओव्हाप्रिम या नावाने आपल्याकडच्या मत्स्यबीज केंद्रांत वापरतात त्या औषधात हे डोपामीनविरोधी द्रव्य म्हणजे डॉम्पेरिडोन. मळमळ-उलटीवर आपल्या घरच्या औषधाच्या डब्यात असते, तेच. ही मात्रा मिळते ती जननीला आणि तिच्या जोडीदाराला, तीही विणीपुरती. आपल्या ताटात येतात ती त्यांची पिल्ले, कित्येक महिन्यांनी वाढून. शिवाय माशाचे वाढीचे संप्रेरक म्हणजे एक प्रथिन. आपल्या पोटात ते इतर प्रथिनांसारखेच पचून जाते आणि मानवी शरीरावर त्याचा अंमल चालत नाही. सौभाग्यवतींचे समाधान झाले आणि आम्हाला त्या रात्री कालवण मिळाले.

मग प्रश्न असा, की डोपामीनची गुटी देऊन जिताडा झटपट का वाढवू नये? माणसाने याहून मोठी उडी मारून पाहिली आहे. अमेरिकेत २०१५ साली अशा एका सामन माशाला खाण्यास परवानगी मिळाली, ज्याच्या बीजातच वाढीच्या संप्रेरकाचे जादा कलम केलेले होते. तो सुमारे तीन वर्षांऐवजी दीड वर्षात बाजारायोग्य होई. पण ग्राहकांचा संशय आणि खर्च यांपुढे टिकाव लागला नाही, आणि २०२४ च्या अखेरीस त्या कंपनीने मासे वाढवण्याचे काम थांबवले. डोक्यातल्या संदेशकांशी औषधांनी खेळण्यात आणखी अडचण अशी, की एका रसायनाची कामे दहा. वाढीची दोरी ओढावी तर भूक, वीण आणि स्वभाव यांच्याही दोऱ्या हलतात. त्यापेक्षा स्वच्छ पाणी, पुरती जागा, बरोबरीचे सोबती आणि वेळेवर खाणे दिले, तर माशाचा मेंदू आपला लगाम आपणच सैल करतो. तळे राखणाऱ्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक होते.

आणि येथेच कामोठ्याच्या खाडीची काळजी वाटू लागते. जिताड्याच्या पिल्लांना जे निर्धास्त घर हवे ते म्हणजे कांदळवन. तिवराच्या मुळ्यांच्या जाळीत मोठ्या माशाला शिरता येत नाही, भरतीबरोबर बारीक कोळंबी येते, ऊन लागत नाही. लहान पिल्लाची भीती जिथे कमी होते ती ही जागा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर कांदळवनांच्या तोडीला मनाई केली, ही समाधानाची गोष्ट. परंतु पाण्याचे काय? तळोजे औद्योगिक वसाहतीकडून येणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जाऊन आले. पाण्यातला प्राणवायू घटला, की मासा आधी खाणे सोडतो. तो मरून वर तरंगला तरच आपल्याला बातमी कळते; खुरटून राहिला तर कोणाच्याच लक्षात येत नाही. खाडी मेली नाही एवढ्यावर समाधान मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

माशाचे हे शास्त्र वाचताना आम्हाला माणसांच्या लेकरांचीही आठवण झाली. १९६७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तेरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. मुले वयाच्या मानाने फार खुजी होती. पोष ग्रंथीचा विकार असावा असे वाटे. पण त्यांच्या घरी जाच होता, माया नव्हती. मुलांना त्या घरांतून हलवले आणि कोणत्याही संप्रेरकाचे औषध न देता ती भराभर वाढू लागली. मासा आणि मूल यांत अंतर कितीही असो, धास्तावलेल्या जीवाला अन्न अंगी लागत नाही हा नियम दोघांना सारखाच लागू दिसतो.

तेव्हा या दिवाळीच्या सुटीत एखादा दिवस मुलांना घेऊन कामोठ्याला अवश्य जावे. मानसरोवरला उतरावे, जुने गाव विचारत विचारत जुईच्या बाजूला जावे. ओहोटीची वेळ साधली तर चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या दिसतील, तिवरांच्या मुळ्या दिसतील, आणि दैव अनुकूल असेल तर पाग फेकणारा एखादा म्हातारा भेटेल. त्याला जिताड्याविषयी विचारावे आणि तो सांगेल ते मुलांना ऐकू द्यावे. पाठीमागे इमारती उभ्या असतील, समोर भरती चढू लागेल, आणि तिच्याबरोबर बोटाएवढी पिल्ले आत शिरत असतील. ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत हाताएवढी होतील की बोटाएवढीच राहतील, हे आपण त्या पाण्यात काय सोडतो यावर पुष्कळसे अवलंबून आहे.